सतरा नंबरची पत्रिका

"नदीले सोडल्या म्हणजे? सगळ्याच्या सगळ्या?"

"नाही तं काय निवडून सोडू? एकेकीले विचारू, तुले जायचं का बाई, का तुले राह्यचं?"

"अवं, त्याच्यावर नंबर होते माहे!"

"नंबर मागून होते. पुढून गणपती होता." शालूबाईंनी मेथीची जुडी परातीत आपटली. "एकेका लग्नपत्रिकेवर गणपती छापेल. त्याले कसर लागून राह्यली होती. अर्धी सोंड किड्यानं खाल्ली, आन् मी ठेवू? रद्दीवाल्याले दिल्या का मी? चुलीत घातल्या का? अनंत चतुर्दशीले निर्माल्यासंगं पैनगंगेत सोडल्या, हात जोडून. पाप नाही केलं."

"पाप म्हणलं का मी?"

"तोंडावर लिवेल हाय तुमच्या."

शेषराव उंबऱ्यात उभे होते. हातात मोबाईल होता आणि तो अजून चालू होता. त्यातून बारीक आवाज आला, "काका, मला सगळं ऐकू येतंय. मी नंतर फोन करू का?"

"नाही बेटा, बोल तू," शेषराव म्हणाले, आणि अंगणात गेले. 

पलीकडे नागपूरला होती योगिनी, तिथे वनस्पतींवर संशोधन करणारी. दहा वर्षांपूर्वी बुलढाण्याच्या कॉलेजात ती शिकत होती तेव्हा शेषराव तिथे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. रोज सकाळी देऊळघाटहून सायकलने जायचे, पुढे मोपेडने. एकतीस वर्षं त्यांनी काचपट्ट्या धुतल्या, सूक्ष्मदर्शकांवरच्या टोप्या काढल्या आणि घातल्या, आणि पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी लागेल ते आणून दिलं. जास्वंद, धोतरा, तळ्यातलं हिरवं पाणी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मॉस. मॉस म्हणजे दगडाभिंतींवर मखमलीसारखं उगवतं ते बारीक शेवाळ. "शेषराव, उद्या मॉस लागेल," असं प्राध्यापक जाता जाता म्हणत. ते कुठून येतं हे त्यांनी कधी विचारलं नाही. कोणत्या विहिरीच्या कोणत्या बाजूला काय उगवतं हे शेषरावांना पाठ होतं. पुढे पुढे त्यांना ते प्रॅक्टिकलपुरतं दिसेना, सगळीकडे दिसायला लागलं. शिक्षण बारावी नापास. पण दोन मॉस हातात दिली तर एकच की वेगवेगळी, हे ते डोळे बारीक करून सांगत, आणि सहसा चुकत नसत. निवृत्त झाले तेव्हा संस्थेने भिंतीवरचं घड्याळ दिलं. योगिनीच्या जुन्या तुकडीने वर्गणी काढून घडीचं भिंग दिलं. घड्याळ गोकुळने, त्यांच्या मुलाने, आपल्या मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात नेलं. भिंग शेषरावांच्या गळ्यात आलं ते आलंच. अंघोळीला तेवढं निघायचं.

पत्रिकांची गोष्ट अशी. निवृत्त माणसाला गावोगाव जायला मिळतं ते लग्नांनाच. अक्षता पडल्या, की पंगत बसेपर्यंत शेषराव मांडवातून नाहीसे व्हायचे. शाळेच्या मागे, देवळाच्या ओट्याखाली, पडक्या भिंतीजवळ कुठेतरी गुडघ्यावर बसलेले सापडायचे. वैशाखातलं मॉस म्हणजे काळी, चुरगळलेली खपली. दगडाला डांबराचा शिंतोडा लागला असावा तसं दिसतं. ती खपली ते खरवडून घ्यायचे आणि खिशात त्याच लग्नाची पत्रिका असायची, तिच्या पाकिटात टाकायचे. मागे पेन्सिलने एक आकडा, बस. विवाहस्थळ, गाव, तालुका, तारीख, तिथी, सगळं पत्रिकेवर छापलेलंच असतं. आणखी काय लिहायचं?

गेल्या जुलैत योगिनी मुद्दाम देऊळघाटला आली, तेव्हा एकेचाळीस पाकिटं पाहून ती हसत सुटली. "काका, मोठमोठ्या संग्रहालयांत नमुन्यावर इतकी माहिती नसते हो. तुमच्याकडे गोरज मुहूर्तसुद्धा आहे!" तिने प्रत्येकातली चिमूट घेतली, कागदात बांधली, वर नुसता नंबर घातला. पत्रिका इथेच सुरक्षित राहतील, लागल्या की फोटो मागवू, असं तिचंच म्हणणं होतं.

आणि आज तिचा फोन आला होता. सतरा नंबर कुठल्याच पुस्तकात बसत नव्हता. ज्या कुळातली मॉस कोरड्या, रेताड मुलखात राहतात, वर्षातले आठ-नऊ महिने मेल्यासारखी पडून राहतात, त्यातलं ते होतं. पानाच्या टोकाला पांढरा केस. तसा केस त्या कुळात पुष्कळांना असतो. पण सतरा नंबरच्या केसाला बारीक उलटे दाते होते, आणि पेशींवरचे उंचवटेही निराळे. तिने देशातले नमुने मागवून पाहिले. परदेशातल्या दोन जाणकारांना फोटो पाठवले. त्यांनीही असं आपण पाहिलेलं नाही म्हणून कळवलं.

"नवीन जात आहे काका," ती म्हणाली होती. "तिचं वर्णन लिहायला घेतलंय. फक्त सतरा नंबर कुठला तेवढं सांगा. ठिकाण नसेल तर नवी जात म्हणून कोणी छापणार नाही. आणि तिथे जाऊन परत सापडायला हवी. एका चिमटीवर भागत नाही. देठावरची डबीसुद्धा लागेल, बीजाणू असतात ती. माझ्याकडच्या नमुन्यात एकही नाही. दिवाळीच्या आत जमेल?"

"आत्ता पाहून सांगतो," म्हणत शेषराव आत गेले होते.

नंतरचे चार दिवस घरात बोलणं नव्हतं. म्हणजे शालूबाई सुनेशी बोलत होत्या, सून सासऱ्याशी, आणि शेषराव वाटीतल्या वरणाशी. सून प्रतीक्षा वरवट बकालची, तोंडाने चलाख. ती मधल्या मध्ये निरोप पोचवायची.

"मामाजी, आत्याबाई म्हणतात, शेवाळ काही फेकलं नाही त्यायनं. सगळं जर्मनच्या डब्यात ठेवलं हाय, कपाटावर."

"तिले सांग, सगळं एकत्र केलं म्हणजे फेकल्यासारखंच हाय."

"आत्याबाई, मामाजी म्हणतात..."

"ऐकलं मी. मले कान हायेत."

गोकुळने आपल्या परीने मार्ग काढला. "बाबा, सांगून द्या ना कोणतंबी एक गाव. कोण पाह्यले येते? योगिनीताईचं काम होऊन जाईन, तुमचंही नाव होईन."

शेषरावांनी भाकरी खाली ठेवली. ते सहसा आवाज चढवत नसत, आताही नाही चढवला. "एकतीस साल पोराईनं वहीत मॉसचं चित्र काढलं. खाली लॅटिन नाव लिवलं, दहापैकी मार्क घेतले. कुठून आणलं हे कोण्या मास्तरनं एक डाव नाही विचारलं. आता पहिल्यांदा कोणी विचारून राह्यलं, आन् मी खोटं गाव सांगू? उद्या कोणी भिंग घेऊन त्या गावात गेला, दिवसभर दगडं पाह्यले, तं तो मले काय म्हणन? नाही सांगितलं मी कधी खोटं."

शालूबाई तव्याकडे तोंड करून हे ऐकत होत्या. भाकरी थोडी करपली.

पाचव्या दिवशी सकाळी शेषराव ओट्यावर बसले. परातीत तो डबा उपडा केला आणि भिंग डोळ्याला लावून एकेक खपली वेगळी करू लागले. सगळं काळं-तपकिरी. प्रतीक्षाला ते चहाच्या चोथ्यासारखं वाटलं. तासाभराने त्यांनी एक बोराएवढा तुकडा उचलला. खपलीतून पांढरे केस डोकावत होते, आणि तिला काळ्या दगडाची चपटी कपची चिकटलेली होती.

"हाच तो. हा निघत नव्हता," ते स्वतःशीच म्हणाले. "भेगेत बसेल होता, आत. चावी वाकली, पण निघाला."

आत शालूबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोणती चावी?"

चार दिवसांतला हा नवऱ्याला उद्देशून पहिला शब्द होता. शेषरावांनी बिचाऱ्यांनी सरळ उत्तर दिलं. "कोणती म्हणजे, घराची."

"पितळी कुलपाची?"

"हाव."

शालूबाई लसणाच्या पाकळ्या ओच्यात तशाच धरून बाहेर आल्या. "तुम्ही मले सांगतलं होतं, बसमंदी एका जाड्या माणसाच्या पायाखाली आली म्हणून!"

शेषरावांनी तो तुकडा पुन्हा भिंगाखाली धरला.

"त्या जाड्या माणसाले मी दोन साल शिव्या देऊन राह्यली! आन् परवा पोरासमोर म्हणता, मी खोटं नाही सांगितलं कधी!"

"गावाबद्दल म्हणलं मी," शेषराव हळूच म्हणाले. "चावीबद्दल नाही म्हणलं."

प्रतीक्षा तोंडाला पदर लावून आत पळाली. पण शालूबाईंचं रागावणं मध्येच थांबलं. त्या ओट्याच्या खांबाला टेकल्या, डोळे आढ्याकडे गेले. शेषरावांना मॉस आठवायचं, लग्न नाही. कोण नवरी, कोण नवरदेव, सगळं त्यांच्या लेखी एकच. शालूबाईंचं बरोबर उलटं होतं.

"मंजुश्रीचं लग्न," त्या म्हणाल्या.

"कोण मंजुश्री?"

"माह्या मावसबहिणीची पोरगी. नाव तरी ध्यानात ठेवत जा. त्या दिवशी घरी आलो, तं कुलूप उघडेना. दोन वाजेपासून पाच वाजेपर्यंत अन्नपूर्णाबाईच्या ओट्यावर बसलो, भर उन्हाचं. तिनं चहा पाजला आन् मंग साऱ्या गल्लीले सांगतलं, शालूच्या घरी चावीचं ठिकाण नाही म्हणून. गोकुळनं येऊन कुलूप तोडलं. त्या लग्नात वांग्याची भाजी लागेल होती. आन् नवरीच्या काकूनं माह्या ओटीत जो ब्लाऊजपीस टाकला, त्यात एक बाहीसुद्धा निघाली नाही. बीबीले होतं ते लग्न. वऱ्हाडाले जानोसा शाळेत दिला होता. तुम्ही मागून आले तं दोन्ही गुडघे मातीचे. विहीणबाई म्हणे, हे कुठं पडले? मी म्हणलं, देवाले गेले होते."

"शाळेच्या मागं," शेषराव उठून उभे राहिले, "काळ्या दगडाची भिंत. बिनमातीची, नुसती रचेल. हाव! बीबीच."

"तारीख?"

"तारीख पत्रिकेवर होती."

शालूबाईंनी मंजुश्रीला फोन लावला. तारीख, वार, तिथी, मुहूर्ताला किती उशीर झाला आणि कोणामुळे, सगळं दोन मिनिटांत मिळालं. "तिच्या नवऱ्याले विचारलं असतं तं दिवाळी गेली असती," फोन ठेवताना शालूबाई म्हणाल्या. मग शेषरावांकडे न बघता, "उद्या सातची गाडी हाय. मीही येते. तुम्ही भिंतच पाह्यसान, बाकी काही दिसणार नाही तुम्हाले."

मेहकरला गाडी बदलून ते बीबीला उतरले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं. शाळेच्या मागे गेले, आणि शेषराव जागीच थांबले. भिंत नव्हती. तिथे सिमेंटचं नवं कुंपण उभं होतं, पिवळ्या रंगाचं, वर सुविचार लिहिलेलं. जुने दगड कोपऱ्यात कडुनिंबाखाली ढीग करून टाकलेले.

शेषराव कडुनिंबाखाली गेले. पिशवी खाली ठेवली, बसले, आणि एक दगड उचलून भिंगाखाली धरला. मग दुसरा. तासभर असंच चाललं. भिंत पाडून ढीग करताना खालची बाजू वर आलेली, वरची कुठे गेली कळत नव्हतं. काही दगडांवर साधंच मॉस होतं, विहिरीवरचं. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता, आणि शालूबाईंना ती मान पाहवेना.

"असे किती पाहणार एकेक?" त्या म्हणाल्या. "योगिनी म्हणत होती ना, पाणी लागलं का उठते म्हणून? सरका."

हे त्यांनी ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. शेषराव घरी बशीत मॉस भिजवायचे तेव्हा शालूबाईंचं लक्ष बशीकडे असायचं. पाहुण्यांच्या बश्या होत्या त्या. आता त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि देवाला पाणी घालावं तसं एकेका दगडावर थोडं थोडं घालत निघाल्या.

शाळेतून एक बाई बाहेर आल्या. "काय शोधून राह्यल्या हो? दागिना पडला का काही?"

"हाव," शालूबाई शेषरावांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "यायचा."

बाईंना काय वाटलं कोण जाणे. पण त्या आत जाऊन भरलेली बादली घेऊन आल्या, ठेवली, आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

निम्मी बादली संपली असेल. ढिगाच्या कडेला एक चपटा दगड होता, त्याच्या भेगेत काजळीसारखं काहीतरी. शालूबाईंनी त्यावर ओंजळ सोडली आणि पुढे सरकणार तोच त्यांना हालचाल दिसली. त्या खाली वाकल्या. काळी वळलेली टोकं सुटत होती. एक मोकळं झालं, मग शेजारचं, मग सगळीच. बघता बघता काळ्याची तपकिरी झाली, तपकिरीचं हिरवं. इवल्या चांदण्या दाटीवाटीने उघडल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढरे केस ताठ उभे.

"अवो," त्या म्हणाल्या.  "अवो, इकडं या. हे तं उठून बसलं."

शेषराव रांगतच आले. भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग ते भिंग गळ्यातून काढून त्यांनी बायकोच्या हातात दिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. शालूबाईंनी आजवर एकदाही भिंगातून पाहिलं नव्हतं. त्यांना मधोमध तीन तांबूस देठ दिसले, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा बारीक. प्रत्येकावर एक डबी, आणि डबीला तिरपं झाकण.

"टोप्या घातल्या हायेत त्यायनं," त्या म्हणाल्या.

"त्याच पाह्यजेत योगिनीले."

शेषरावांचा हात सवयीने खिशात चावीकडे गेला. "खबरदार," शालूबाई म्हणाल्या, आणि अंबाड्यातला आकडा काढून पुढे केला. आकड्याने छान निघालं. दोन देठ घेतले, एक ठेवला. जेवढं होतं त्याच्या अर्ध्याहून कमीच घेतलं. मग तो दगड दोघांनी मिळून उचलून सावलीत नेला, होता तसाच, तोंड वर करून ठेवला, आणि बाईंना सांगितलं की हा एवढा हलवू नका, नागपूरहून पत्र येईल.

"या दगडासाठी?" बाई म्हणाल्या.

"दगडावर पाहा," शालूबाईंनी भिंग त्यांच्यापुढे धरलं.

ठेवायला पाकीट हवं होतं. शेषरावांनी पेपर आणला होता, पण शालूबाईंच्या बटव्यात कालच आलेली भाची डिंपलच्या लग्नाची पत्रिका होती. शेषराव बिचकले. "त्याच्यावर वरवट बकाल छापेल हाय. गाव चुकन."

"इतकं मलेही समजते." त्यांनी पत्रिका काढून घेतली, पाकिटाचा डिंक नखाने सोडवला, पाकीट उलटं केलं, कोरी बाजू बाहेर आणून घड्या घातल्या. पेन्सिल मागितली. "सांगा, काय लिवू? चांगलं दाबून लिवते."

चौथीपर्यंत शिकलेल्या, गोल गोल अक्षरात त्यांनी लिहिलं. गाव, तालुका, शाळेच्या मागचे जुने दगड, आजची तारीख. खाली, आधीचा नमुना सतरा, त्या लग्नाची तारीख.

"गोळा करणार कोण?" त्यांनी विचारलं. "तुमचंच ना?"

"दोघायचं लिव."

"माहं काऊन?"

"आकडा तुहा होता," शेषराव म्हणाले.

परतीच्या गाडीत पाकीट शालूबाईंच्या मांडीवर होतं. मेहकरला एक जाडा माणूस शेजारी येऊन बसायला लागला, तर त्यांनी त्याला दुसरी जागा दाखवली.

दिवे लागायच्या वेळेला घरी पोचले. शेषरावांनी दारातूनच योगिनीला फोन लावला. ती आधी ओरडली, मग रडली की हसली ते कळलं नाही, मग म्हणाली, "काकूंना द्या फोन." काकूंनी घेतला. "वाळवंटातलं आहे काकू हे मॉस, आपल्याकडे कसं आलं याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटेल."

"आपल्याकडं वाळवंट नाही म्हणतं कोण?" शालूबाई म्हणाल्या. "मे महिन्यात ये, मी दाखवते."

फोन ठेवून त्या मधल्या खोलीत गेल्या. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या कपाटाचा मधला खण म्हणजे शालूबाईंच्या चांगल्या साड्यांचा, ओळीने, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षं प्रतीक्षा तो खण मागत होती. आज शालूबाई एकेक साडी काढून पलंगावर ठेवत होत्या. प्रतीक्षा दारात आली, तिच्या मागे गोकुळ.

"आत्याबाई, मले देऊन राह्यल्या का खण?"

"नाही. हा खण आता यायच्या शेवाळाचा. डांबरगोळ्या काढ, त्याच्या वासानं बिघडन ते. माह्या साड्या पेटीत जातील. आन् आजपासून या घरातली एकही पत्रिका नदीले जाणार नाही. पाकीटबी नाही. गणपती इथंच राह्यतील, कसर लागली तं मी पाह्यीन."

"पण माय," गोकुळ म्हणाला, "साऱ्या गावाच्या पत्रिका येतात आपल्याकडं, कुठं कुठं ठेवशीन? जरा विचार तं कर, मंग..."

"मी विचारून नाही राह्यली, सांगून राह्यली," शालूबाई म्हणाल्या. "ताटं घ्या."